पाच पंच, एक चिमटा आणि कागदाचा पोदेर

हाताने केलेल्या कार्डावर पंचाने, म्हणजे कागदातून ठरावीक आकार कापणाऱ्या छोट्या मशीनने, कापलेली गोलमटोल पात्रं चिकटवायला शिकणारा बहुतेक पहिल्याच दिवशी चुकीच्या जागी पैसे घालवतो. दुकानात फुलपाखरू, डॉल्फिन, घुबड असे तयार आकारांचे पंच ओळीने मांडलेले असतात आणि हात तिकडेच जातो. पण डॉल्फिनच्या पंचातून डॉल्फिनच निघतो, तोही दर वेळी तसाच. साधा गोल मात्र पक्ष्याचं पोट होतो, सायकलचं चाक होतो आणि नरकासुराचा बटबटीत डोळाही होतो. म्हणून सुरुवातीला फक्त पाच पंच घ्या: १६, २५ आणि ३८ मि.मी.चे तीन गोल, १६ मि.मी.चं बदाम आणि घरात किंवा कचेरीत असतंच ते फायलींना भोकं पाडायचं मशीन. त्याचं भोक साधारण ६ मि.मी.चं असतं. त्याच्या तळाशी साठणाऱ्या टिकल्या एरवी केरात जातात, इथे त्यांचे डोळे होतात.

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही स्टेशनरीच्या दुकानात पंच घेताना पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका. स्वस्त पंचांवर कधी आकार लिहिलेला असतो, तर कधी पंचाच्या डबीचं माप. दुकानदाराला एक कागद कापून दाखवायला सांगा आणि निघालेला तुकडा पट्टीने मोजा. खाली दिलेली सगळी मापं कापलेल्या तुकड्याची आहेत. तुमचा गोल २ मि.मी.ने लहान-मोठा असला तरी काही बिघडत नाही; फक्त तिन्ही गोलांतलं प्रमाण साधारण असंच राहू द्या.

याशिवाय टोकदार चिमटा, छोटी कात्री, स्टीलची पट्टी, काळं आणि पांढरं जेल पेन, फेविकॉल, दात कोरायच्या काड्या आणि तुकडे कार्डापासून किंचित उचलून लावायला १ ते २ मि.मी. जाडीची, दोन्ही बाजूंनी चिकट फोम टेप लागेल. चिमट्यावर कंजूषी करू नका. ६ मि.मी.ची टिकली बोटाने जागेवर ठेवायला गेलात तर ती बोटालाच चिकटून परत येते.

कागद

पात्रांच्या तुकड्यांसाठी १२० ते १८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचा; आकडा जितका मोठा तितका कागद साधारण जाड) रंगीत कागद घ्या. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. तो पंचाच्या पात्यात आणि खालच्या साच्यात ओढला जातो, म्हणून कड दातेरी निघते. २२० च्या वरचा कार्डपेपर गोलाच्या पंचातून कसाबसा जातो, पण बदामाच्या खाचेत अडकतो. चकचकीत भुकटीचा ग्लिटर कागद आणि तंतू असलेला हँडमेड कागद छोट्या पंचात घालूच नका. एक पात्याची धार खातो, दुसऱ्याचे तंतू न कापता लोंबत राहतात.

जुन्या लग्नपत्रिका हा या कामासाठी घरातला सर्वांत चांगला कागद: जाड, रंगीत आणि फुकट. पत्रिकेवरचा गणपती आणि कुलदेवतेचं नाव आधी कात्रीने कापून बाजूला ठेवा. नंतर पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या सायकलवरच्या पाववाल्याच्या, टोपीवर अर्धा गणपती दिसला की घरातली मोठी माणसं कार्डाकडे पाहणार नाहीत, तुमच्याकडे पाहतील. चेहऱ्यांसाठी तपकिरी खाकी पाकिटाचा कागद सुरेख दिसतो. तो पातळ असतो, म्हणून दोन थर चिकटवून, पुस्तकाखाली वाळवून मगच पंच मारा.

रंगीत कागद विकत घेताना कोपरा किंचित फाडून बघा. आत पांढरा गाभा असेल तर कापलेल्या प्रत्येक तुकड्याला पांढरी कड दिसणार. काळ्या आणि लाल तुकड्यांना ती फार डोळ्यांत येते. त्याच रंगाचं स्केचपेन आडवं धरून कडेवरून एकदा फिरवलं की काम होतं.

पंच मारायची रीत

पंच उलटा धरा, कापणारी खिडकी वर. कागद सरकवा, आकार कुठे बसतोय ते डोळ्यांनी बघा, मग सगळं तसंच धरून पालथं करा, टेबलावर टेका आणि तळहाताच्या टाचेने एका दमात दाबा. अर्धवट दाबून सोडलं, पुन्हा दाबलं की कागद केसभर सरकतो आणि गोलाला शेपूट येतं. मऊ गादीवर किंवा मांडीवर ठेवून दाबू नका. जोर वाया जातो आणि पंच तिरका बसतो.

कडी करायची असेल, म्हणजे चाक किंवा कांकण, तर क्रम लक्षात ठेवा: आधी आतलं छोटं भोक, मग बाहेरचा मोठा गोल. उलट केलंत तर छोटा तुकडा मोठ्या पंचाच्या आत धरता येत नाही आणि भोक कधीच मधोमध पडत नाही. आधी २५ चं भोक पाडा, मग ३८ च्या पंचाच्या खिडकीतून बघत ते भोक मध्यावर आणा. चारही बाजूंना साडेसहा मि.मी. कड उरते.

आता या सगळ्या कलेतली सर्वांत उपयोगी युक्ती. २५ चा एक गोल कापून घ्या. तो चिकट चिठ्ठीच्या गोंद असलेल्या पट्टीवर चिकटवा, म्हणजे चिठ्ठीच्या शेपटाला धरून तो पुन्हा त्याच पंचात घालता येईल. आता गोल खिडकीच्या मध्यावर न ठेवता १२ मि.मी. बाजूला सरकवा आणि दाबा. दोन तुकडे मिळतील. एक पान: साधारण २२ मि.मी. लांब आणि १३ रुंद, दोन्ही टोकांना निमुळतं. दुसरी चंद्रकोर. पानाचा पंख होतो, माडाचं झावळ होतं, कान होतो. कोरीची मिशी होते, शिंग होतं, टोपीची झालर होते, हसरं तोंड होतं. जास्त सरकवलं तर पान बारीक आणि कोर जाड. वीसेक गोल या सरावात खुशाल वाया घालवा; पुढची सगळी पात्रं यातूनच निघतात.

स्वभाव डोळ्यांत असतो

पात्र गमतीदार दिसणं हे तुकड्यांच्या संख्येवर अवलंबून नसतं. डोळे कुठे ठेवले यावर असतं. चेहऱ्याच्या आडव्या मध्यरेषेच्या किंचित खाली, एकमेकांपासून लांब ठेवलेले डोळे बाळसेदार आणि निरागस दिसतात. मध्यरेषेच्या वर, एकमेकांना टेकलेले डोळे बावळट, गोंधळलेले दिसतात. एक डोळा १६ चा आणि दुसरा ६ चा केला की पात्र तिरसट होतं. बुबुळं दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला सरकवा, नाहीतर बिचारं पात्र तिरळं होतं. हवं असेल तर मुद्दाम करा. काळ्या बुबुळावर पांढऱ्या जेल पेनाचा ठिपका द्या, दोन्हीकडे एकाच बाजूला. ठिपका वाळायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात बोट लागून तो पसरतो. त्यामुळे डोळे वेगळे करून, वाळवून, शेवटी चिकटवा.

मानही सरळ ठेवू नका. डोकं दहा-पंधरा अंश कलतं ठेवलं की कागदात जीव येतो.

पहिला धडा: बुलबुल

गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, नवशिक्यासाठी बांधल्यासारखा आहे. डोकं काळं, गळा माणकासारखा लाल, पोट पिवळं, पंख हिरवट पिवळे. शेंडी नाही, म्हणजे कापायला एक तुकडा कमी. ३८ चा पिवळा गोल पोटासाठी. २५ चा काळा गोल डोक्यासाठी, पोटावर ८ मि.मी. चढवून. या दोहोंच्या मध्ये १६ चा लाल गोल सरकवा, डोक्याच्या खालून चारेक मि.मी. बाहेर डोकावेल इतका. हिरवट पिवळ्या कागदाचं एक पान पंखासाठी, फोम टेपवर उचललेलं. शेपटीला ८ × २५ मि.मी.ची पट्टी, एका टोकाला थोडी निमुळती. चोच म्हणजे ५ मि.मी.चा काळा त्रिकोण. या पक्ष्याचा डोळा पांढरट असतो, म्हणून ६ ची पांढरी टिकली आणि तिच्यात पेनाचा बारीक ठिपका. काळ्या डोक्यावर तो असा काही उठतो की पक्षी आत्ताच काहीतरी चोरून आलाय असं वाटतं.

चिकटवताना फेविकॉल काडीच्या टोकाने मोहरीएवढा, तुकड्याच्या मध्यावर. कडेला लावलात तर बाहेर येतो आणि वाळल्यावर चकाकतो. जास्त लावलात तर कागद ओला होऊन फुगतो, वाळताना आक्रसतो आणि पक्ष्याचं पोट वाटीसारखं होतं. मोठ्या तुकड्यांना गोंदाची कांडी बरी. त्यात पाणी कमी असतं.

कुर्ली

कुर्ली म्हणजे खेकडा. तांबड्या-नारिंगी कागदाचा ३८ चा गोल घ्या आणि वरून-खालून ५-५ मि.मी. कापून आडवा करा. नांग्यांसाठी १६ ची दोन बदामं, खाच बाहेरच्या बाजूला. बदामाची खाच ही नांगीची फट, तिला वेगळं काही करावं लागत नाही. पाय २ × १४ मि.मी.च्या आठ पट्ट्या, मध्ये दुमडून गोलाच्या मागे चिकटवलेल्या. सहा लावले तरी चालून जातं, पण गोव्यात कुर्लीचे पाय मोजणारे बरेच भेटतील. डोळे दोन बारीक दांड्यांवर, कवचाच्या वर. एक नांगी दुसरीपेक्षा वर उचलून लावा म्हणजे ती टाटा करते.

पोदेर

सकाळ-संध्याकाळ सायकलवर पों पों करत पाव घेऊन येणारा पोदेर. थोडा वेळ लागतो, पण यात वर सांगितलेलं सगळं वापरून होतं. कार्ड ए-६ आकाराचं, आडवं धरलेलं: १४८ × १०५ मि.मी. गोंद लावण्याआधी सगळं कोरडं मांडा आणि फोनवर फोटो काढून ठेवा. नंतर पंख्याची एक झुळूक आली तरी चालेल.

१. चाकं. काळ्या कागदात आधी २५ चं भोक, मग ३८ चा गोल, अशा दोन कड्या. आतून पडलेले काळे गोल जपून ठेवा, दोन बुलबुलांची डोकी झाली. कार्डाच्या खालच्या कडेपासून ६ मि.मी. वर, दोन चाकांत २० मि.मी. अंतर ठेवून कड्या चिकटवा.

२. सांगाडा. करड्या कागदाच्या ३ मि.मी. रुंद पट्ट्या: ५५, २८ आणि २२ मि.मी. लांब. पहिली मागच्या चाकाच्या मध्यापासून तिरकी वर हँडलपर्यंत, दुसरी हँडलपासून खाली पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंत. तिसरी उभी, मागच्या चाकाच्या मध्याच्या २० मि.मी. पुढे, सीटसाठी. दोन्ही चाकांच्या मध्यावर ६ ची एकेक टिकली लावली की पट्ट्यांची टोकं झाकली जातात. ही खरी सायकल नाही, पण ओळखू येते.

३. माणूस. शर्टासाठी १८ × २६ मि.मी.चा तुकडा, कोपरे गोल करून, सीटवर उभा. डोकं २५ चा खाकी गोल, शर्टावर ४ मि.मी. चढवून, पुढे कललेलं. टोपीला २५ चा गोल अर्धा कापून. पायाची पट्टी ६ × २८, गुडघ्यात दुमडलेली. दुसरा पाय सायकलच्या पलीकडे आहे असं समजायचं.

४. टोपली. ३८ चा तपकिरी गोल बरोबर मध्ये कापा. अर्धा भाग, सपाट बाजू वर, मागच्या चाकावर टेकवा. टोपली चिकटवण्याआधी तिच्या मागून डोकावतील असे पाव लावा. फिकट तपकिरी कागदाचे १६ चे गोल म्हणजे उंडे, प्रत्येकावर पेनाने एक चीर. मध्ये ६ चं भोक पाडलेला १६ चा गोल म्हणजे कांकण, बांगडीसारखा पाव. टोपलीच्या काठावर निळ्या कागदाची चुणीदार पट्टी लावली की वर अंथरलेलं प्लॅस्टिकही आलं.

५. हात सर्वांत शेवटी: ५ × ३४ मि.मी.ची पट्टी, खांद्यापासून हँडलपर्यंत. हँडलवर काळी टिकली आणि तिला लागून निमुळता तुकडा, म्हणजे भोंपू. हात आधी लावलात तर टोपी आणि डोकं बसवताना तो नक्की उपटला जातो.

सगळेच तुकडे फोम टेपवर उचलू नका. टोपली आणि डोकं उचला, बाकी सपाट. सगळंच वर आलं तर काहीच वर आलेलं दिसत नाही.

नरकासुर आणि त्याच्या मिशा

दिवाळीच्या कार्डावर पणती सगळेच काढतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटेआधी रात्रभर वाड्यावाड्यांवर उभा असतो तो नरकासुर, आणि पंचासाठी त्याच्यासारखं गिऱ्हाईक नाही. ३८ चा जांभळट काळा गोल चेहरा. त्यावर १६ चे दोन पांढरे गोल, मध्याच्या थोडे वर, एकमेकांना टेकलेले. दोन्ही मिळून ३२ मि.मी. होतात, म्हणजे डोळे जवळजवळ चेहऱ्याबाहेर येतात, तसेच हवेत. बुबुळं ६ ची, दोन्ही खाली उजवीकडे. २५ च्या गोलातून काढलेल्या दोन कोरी मिशांसाठी, टोकं वर. लाल बदामाचं टोक खाली लोंबवलं की जीभ. मुकुटाला सोनेरी लग्नपत्रिकेतल्या ३८ च्या गोलाचा अर्धा भाग, त्यावर तीन पानं उभी. आणि बुबुळं वळली आहेत तिथे, कार्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, एक इवलीशी पणती: अर्धा १६ चा गोल आणि ज्योतीला बारीक पान. एवढा राक्षस तिला घाबरलाय. विनोद त्या नजरेत आहे, म्हणून पणती कधीही दुसऱ्या कोपऱ्यात लावू नका.

२४ जूनच्या सांजावसाठी, म्हणजे सेंट जॉनच्या सणासाठी, हिरव्या कडीवर कात्रीने कापलेली रंगीबेरंगी फुलं लावा, कोपेल (डोक्यावरचा फुलांचा मुकुट) तयार. खाली खाकी चेहरा, मिटलेले डोळे, उघडं तोंड. विहिरीत उडी मारतानाचा क्षण.

कार्डाचा पाया

ए-४ आकाराचा २२० ते २५० जीएसएमचा कागद आडवा मध्ये कापला की १४८ × २१० मि.मी.चे दोन तुकडे मिळतात. प्रत्येक दुमडून एकेक ए-६ कार्ड. आधी कागदाचा कल बघा: दोन्ही दिशांनी हलका वाकवा, वाकण्याची रेषा ज्या दिशेने सहज पडते त्या दिशेने तंतू धावतात. घडी त्याच दिशेने घातली तर स्वच्छ बसते, आडवी घातली तर चिरते आणि आतला पांढरा गाभा दिसतो. घडीच्या रेषेवर संपलेलं बॉलपेन पट्टीला धरून एकदा ओढा, मग दुमडा.

पावसाळा, गंज आणि अडकलेला पंच

गोव्यात या छंदाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरमधली हवा. दमट कागद मऊ पडतो, पात्याखाली कापला जाण्याऐवजी वाकतो, आणि चांगल्या पंचातूनही दातेरी गोल निघतात. पंच बिघडला असं वाटतं, पण बिघडलेला असतो कागद. रंगीत कागद झिपच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, सपाट ठेवा. पंच घट्ट झाकणाच्या डब्यात, तेही पुड्यांसह. फेविकॉल या दिवसांत वाळायला दुप्पट वेळ घेतो. कार्ड बटर पेपरमध्ये ठेवून वर जाड पुस्तक, आणि रात्रभर विसरून जा. फोम टेपवरचे तुकडे मात्र त्यानंतरच लावा.

पंच जड चालू लागला तर पांढरी मेणबत्ती साध्या कागदावर घासा आणि त्या कागदातून आठ-दहा वेळा पंच मारा. ॲल्युमिनियमची फॉइल तीन-चार पदरी दुमडून तिच्यातून कापलं की पात्याच्या कडेवरचे बारीक कंगोरे साफ होतात. बोथट झालेला पंच त्याने नवा होत नाही. खोबरेल तेल अजिबात घालू नका. ते घट्ट होऊन चिकटा धरतं आणि पुढच्या शंभर तुकड्यांवर तेलाचे डाग पडतात.

कागद अडकून पंच खालीच बसला तर हातोडी बाजूला ठेवा. पंच उलटा करा, पेन्सिलीच्या बोथट टोकाने पातं सावकाश मागे ढकला, मग चिमट्याने कागद काढा. अडकलेला पंच फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. इथल्या हवेत मात्र तो बाहेर काढताच त्याला पाणी सुटतं, आणि पाणी आत राहिलं की गंज आलाच. ठेवायचाच असेल तर बंद पिशवीत ठेवा आणि थंडी पूर्ण जाऊन पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

कार्ड टपालाने जाणार असेल तर पोदेराची टोपली आणि डोकं फोम टेपऐवजी दोन पदरी कार्डपेपरवर उचला. टपालाचा शिक्का नेमका फुगवट्यावर बसतो आणि फोम चेपला की परत फुगत नाही. वर एक कोरा जाड कागद घाला, पाकीट जरा सैल घ्या. आणि पाकीट घ्यायला जाताना तयार कार्ड सोबत न्या. जाडी डोळ्यांनी मोजता येत नाही.